काळ्या द्राक्षांच्या बारा बाटल्या

कोठीच्या खोलीत आत्या होती, बारा बाटल्या होत्या, आणि कुलूप बाहेरून होतं.

दुपारचे अडीच वाजले होते. खोली म्हणजे काय, दोन माणसं आत शिरली तर एकाने श्वास घ्यायचा आणि दुसऱ्याने सोडायचा, एवढीच. तिन्ही भिंतींना फळ्या, फळ्यांवर डबे, बरण्या आणि गेल्या वीस वर्षांच्या घड्या घातलेल्या रिकाम्या पिशव्या. खिडकी नाही. दाराशेजारच्या भिंतीत उंचावर वहीएवढा एक झरोका, ना काच ना जाळी. तो दिवाणखान्यात उघडायचा, सोफ्याच्या बरोबर डोक्यावर. त्यातून मांजर गेलं असतं. आत्या मांजर नव्हती. अख्ख्या घरात हीच खोली गार, म्हणून तिने बाटल्या इथे ठेवल्या होत्या. पण त्या दिवशी ऊनच असं होतं की रस्त्यावरचं डांबर सायकलींना सोडत नव्हतं, आणि गार खोलीचाही तवा झाला होता.

"दादा!" आत्याने दारावर थाप मारली. "कुलूप दाबलंस काय रे?"

"दाबलं असेल बुवा," बाहेरून थोरल्या भावाचा आवाज आला. "उघडं लटकत होतं."

आता यात दादाचा तसा दोष नव्हता. पस्तीस वर्षं त्याने एका मोठ्या गोदामाची राखण केली होती. नोकरी सुटली, सवय सुटली नाही. घरात साखरेच्या कपाटाला कुलूप, जिन्याखालच्या कपाटाला कुलूप, गच्चीला कुलूप, आणि सगळी दाबली की बसणारी. उघडं कुलूप दिसलं की जाता-येता दाबायचं, हा घरचा कायदा. तो सगळ्यांच्या बोटांत इतका मुरला होता की डोक्याला विचारावंही लागत नसे. एकदा मीटर बघायला आलेला माणूस जिन्याखाली वाकला आणि मागून वहिनीने कुलूप दाबून टाकलं. संध्याकाळी तो सापडला, तोवर त्याने आतल्या सगळ्या चपलांच्या जोड्या लावून ठेवल्या होत्या.

"मग काढ की!"

"किल्ली बघतो," दादा म्हणाला. मग पावलं गेली, आली, परत गेली. "सापडत नाही गं, धाकटे."

आत्या आतल्या आत ताठ झाली. दादाला खोटं बोलता येत नसे. बोलायला गेला की शेवटच्या शब्दाला आवाज चिरकायचा, लहानपणापासून. आणि तो इकडून तिकडे किल्ली शोधत फिरत होता तेव्हा त्याच्या पायजम्याच्या खिशात किल्ल्यांचा जुडगा खुळखुळत होता.

झालं होतं असं. आत्या या घरात आली ती वहिनीच्या बाळंतपणाला. दीड महिन्यासाठी. बाळ झालं, रांगलं, शाळेत गेलं, आता सव्वीस वर्षांची चिमणी होऊन ऑफिसात नोकरीला लागलं, तरी आत्याचं बाळंतपण काही उरकेना. मागे कुणी वाट पाहणारं नव्हतं म्हणून ती राहिली, आणि राहिली म्हणून सगळं तिच्यावर येत गेलं. दादाच्या गोळ्या, वहिनीची कंबर, चिमणीचे डबे. कुणी तिला "जा" म्हटलं नाही आणि कुणी "राहा" असंही म्हटलं नाही. विचारायची वेळच आली नाही.

तिचं स्वतःचं असं एकच होतं, हे पेय. आलं किसून साखरपाण्यात बरणीत घालायचं, रोज चमचाभर आलं, चमचाभर साखर, वर फडकं. पाचव्या-सहाव्या दिवशी बरणी आपली आपण कुजबुजायला लागते. मग काळी द्राक्षं उकळून, गाळून, रस पार निववायचा. गरम रसात घातलं तर बरणीतलं सगळं मरतं. मग त्यात हे आल्याचं विरजण, लिंबू, थोडी साखर, आणि तारेच्या चापाचं झाकण असलेल्या जाड बाटल्या. वर दोन बोटं जागा ठेवायची. दोन दिवस बाहेर, आणि रोज एकदा चाप किंचित सैल करून बाटलीची ढेकर काढायची, तान्ह्या बाळाची काढतात तशी. नाही काढली तर ती स्वतः काढते, आणि मग घरातल्यांची धडगत नसते. वहिनीने पहिल्यांदा चाखलं तेव्हा डोळे मिटून विचारलं होतं, "वन्सं, चढत नाही ना हो हे?" आणि नाही म्हटल्यावर जरा हिरमुसली होती.

गेल्या आठवड्यात चिमणीने एक बाटली ऑफिसात नेली. ऑफिसच्या खाली शीतपेयांचं दुकान. तिथे बर्फ मागायला गेली आणि बदल्यात दुकानदाराला घोटभर देऊन आली. त्या माणसाच्या मिशा अशा की खरं नाव कुणाला आठवत नसे, सगळे मिशीवालेच म्हणत. मिशीवाल्यांनी दुसऱ्याच दिवशी निरोप पाठवला. ज्या बाईंनी हे केलं त्यांनी माझ्या दुकानात यावं. दुकानावर एक खोली रिकामी आहे, तिथे राहावं, तिथेच करावं. शनिवारी चार वाजता येतो, ताजी बाटली चाखतो, पटली तर तिथल्या तिथे बोलून टाकू. दुसरी एक बाईही लिंबाचं काही घेऊन आलीय, सोमवारपासून दोघींतल्या एकीचं ठेवणार.

आत्याने हे एकट्या दादाला सांगितलं होतं. तो बराच वेळ चष्मा पुसत बसला. आणि आज शनिवार होता.

"वन्सं!" दाराशी वहिनी आली. "आत अडकलात म्हणे?"

"हो. तुम्ही जरा तुमच्या नवऱ्याच्या खिशात हात घाला."

"अय्या, आता या वयात?" वहिनी हसली. "येईल हो किल्ली कुठूनतरी. बरं, आत आहातच तर हळदीची पुडी द्या ना. मला कालपासून सापडत नाहीये."

आत्याने पुडी शोधली, पिठाच्या पिंपावर चढली आणि झरोक्यातून हात बाहेर काढून दिली. वरून दिवाणखाना दिसला. पांढराशुभ्र. वहिनीने दोन महिने डोकं खाऊन परवाच रंग काढून घेतला होता. छताकडे बघून ती अजून दिवसातून तीनदा सुस्कारे सोडायची.

"आणि वन्सं, ते इस्त्रीचं कुठे ठेवलंय?"

"पलंगाखाली, डाव्या बाजूला."

"आणि ह्यांची तीनची गोळी?"

"गुलाबी. अर्धीच. वहिनी, अहो, मला बाहेर काढा!"

"काढू की. माझी कंबर धरलीय, जरा पाठ टेकते. तुम्हीही घ्या थोडी विश्रांती, नाहीतरी कधी मिळते तुम्हाला?" आणि वहिनी खरोखर मायेने असं बोलून झोपायला गेली. पाच मिनिटांत तिचं घोरणं भिंतीतून आलं.

आत्या पिंपावर बसून राहिली. मोबाइल स्वयंपाकघरात. चिमणी ऑफिसात. पदर ओला, मानेवरून घामाची धार, आणि समोर बारा बाटल्या रांगेत. तेवढ्यात कोपऱ्यातली एक "टिक" वाजली. मग तिच्या शेजारची. गरमीत आतलं विरजण पिसाळलं होतं. आत्याने ढेकर काढायला पहिल्या बाटलीकडे हात नेला आणि तेवढ्यात तिसरीचा चाप तुटला.

आवाज असा झाला की समोरच्या इमारतीतली कबुतरं उडाली आणि म्हणे मंगळवारपर्यंत परत आली नाहीत. झाकण फळीवर आपटून डाळीच्या डब्यात घुसलं. आत्याच्या कपाळावरून जांभळं पाणी नाकापर्यंत आलं.

"धाकटे!" दादा धावत दाराशी आला. "लागलं का? अगं, बोल ना!"

"नाही लागलं. एक गेली."

"सोड सगळ्यांची हवा. आत्ताच्या आत्ता. उघड एकेक आणि सांडून टाक. जीव मोठा की बाटल्या?"

"मग किल्ली दे."

मग दार किंचित कुरकुरलं. दादा दाराला पाठ लावून खाली बसला होता.

"पाच वाजेपर्यंत थांब ना गं," तो हळूच म्हणाला. "तो माणूस येईल नि जाईल. मग उघडतो. शपथ."

आत्याने दाराच्या फटीला तोंड लावलं.

"दादा, तू मला कोंडलंयस."

"नाही गं! कुलूप चुकून दाबलं. अगदी चुकून. मग किल्ली काढली आणि... हात पुढे जाईना. तू गेलीस तर मला सकाळी कुठली गोळी, दुपारी कुठली, मला नाही कळत. हिला तर गॅस कधी मागवायचा तेही माहीत नाही. घर बसेल गं आमचं."

"गोळ्यांच्या डब्यावर लिहून ठेवीन."

"चष्मा कुठे ठेवलाय ते कोण सांगेल?"

"डोक्यावर असतो तुझ्या."

दादा हसला आणि मग नाक ओढल्याचा आवाज आला. अडुसष्ट वर्षांचा माणूस दारापलीकडे बसून रडत होता आणि आत त्याची साठीची बहीण जांभळी झाली होती. आत्याला वाटलं, सोडावं सगळं. पाच वाजेपर्यंत काय, सव्वीस वर्षं गेली तशी आणखी दहा जातील. तिने एका बाटलीच्या चापावर अंगठा ठेवलासुद्धा. उघडली असती तर फेस निघून गेला असता, चार वाजता चाखायला उरलं असतं नुसतं द्राक्षाचं पाणी, आणि ते लिंबाच्या पेयापुढे टिकलं नसतं. दादा सुखी, बाटल्या शांत, रात्रीचं जेवण वेळेवर.

तिने अंगठा काढला. जुन्या पिशव्यांची अख्खी रास खाली ओढली, अकराही बाटल्या त्यात गुंडाळल्या, आणि अंड्यांवर कोंबडी बसावी तशी समोर पाय पसरून पहारा देत बसली. कुठली टिकटिकली की तिच्यावरून हात फिरवायची. "थांब गं बाई, दम धर. येतोय तो." तासभर. अंगातला घाम संपला तरी बाटल्यांचं टिकटिकणं काही संपेना.

चारला पाच कमी असताना बेल वाजली.

दार उघडल्याचा आवाज, चपला काढल्याचा आवाज, आणि मग सोफा करकरला. बरोबर झरोक्याखाली.

"या, या," दादा म्हणाला. "पण तुमचा फेरा फुकट गेला हो. ती घरी नाही."

"नाहीत? मी निरोप दिला होता की."

"परगावी गेलीय. एकदम ठरलं. नातेवाइकांकडे." 'कडे'वर आवाज टणकन चिरकला.

आत्याचं डोकंच फिरलं. सव्वीस वर्षांत ती कोपऱ्यावरच्या दवाखान्यापलीकडे गेली नव्हती, आणि आज, कोठीत कोंडलेली असताना, भावाने तिला परगावी पाठवलं!

"मी इथे आहे!" ती ओरडली.

पण दादाने तेवढ्यात टीव्ही लावला होता. टीव्हीवर कुठल्यातरी सामन्यात कुणीतरी काहीतरी जिंकलं आणि पन्नास हजार लोक ओरडले. पन्नास हजारांपुढे आत्या एकटी.

"काय म्हणालात?" मिशीवाले ओरडून विचारत होते.

"मी काही नाही! चहा घेणार?"

"नको, मग निघतो मी! ती लिंबाची बाई दुकानात येऊन बसलीय!"

आत्या पिंपावर चढली. एक बाटली उचलली, दोन्ही हातांनी धरून गदागदा हलवली, तिचं तोंड झरोक्यात घातलं आणि चाप सोडला.

पहिली धार समोरच्या भिंतीवर गेली. पांढऱ्या भिंतीवर जांभळा पट्टा, वरपासून खालपर्यंत. दुसरी बाटली तिने जरा उंच धरली. ती गेली थेट छताच्या पंख्यावर. पंखा होता पाचवर. त्याने ते पेय असं काही सगळ्यांना सारखं वाटलं की छत, पडदे, टीव्ही, दादाचं टक्कल, कुणालाच वगळलं नाही. तिसरी मिशीवाल्यांच्या मिशांत बसली.

टीव्ही बंद झाला. खोलीत नुसता टपटप आवाज.

मिशीवाले उभेच होते. त्यांनी जीभ बाहेर काढली, मिशीचं उजवं टोक चाखलं. मग डावं. मग वर झरोक्याकडे बघितलं.

"परगावी गेलेल्या बाई," ते म्हणाले, "आल्याची चव मागच्यापेक्षा पुढे आलीय. की मिशीत चहा होता सकाळचा, त्याची आहे?"

"आल्याचीच आहे!" आत्या वरून म्हणाली. "ऊन जास्त ना, म्हणून."

"आणखी एक सोडता? थांबा, थांबा, ग्लास धरतो." त्यांनी पाण्याचा ग्लास रिकामा केला आणि दोन्ही हातांनी वर धरून सोफ्यावर चढले. चौथी बाटली सुटली. अर्धी त्यांच्यावर, अर्धी ग्लासात. त्यांनी ती तिथेच सोफ्यावर उभ्याने प्यायली आणि एक अशी ढेकर दिली की पडदा हलला.

"उघडा हो दार," ते दादाला म्हणाले.

दादाने खिशातून जुडगा काढला. कुठे शोधायचं नाटकही केलं नाही. कुलूप निघालं आणि आत्या बाहेर आली. केस चिकटलेले, कपाळ जांभळं, कडेवर पिशवीत गुंडाळलेली एक बाटली.

"लिंबाच्या बाईंना मी घरी पाठवतो," मिशीवाले म्हणाले. "सोमवारपासून तुमचं. वरची खोली झाडून घेतलीय."

दादाने घसा खाकरला. "खोलीची काय गरज आहे हो? इथे सगळी सोय आहे. ती इथेच करेल, तुमचा माणूस रोज सकाळी येऊन बाटल्या नेईल. तिलाही बरं, तुम्हालाही बरं."

मिशीवाल्यांनी मिशी पिळली. त्यातून दोन थेंब पडले. "तेही खरंच. मला काय, बाटल्या मिळाल्याशी कारण. खोली भाड्याने जाईल."

आत्याला कोठीचं दार समोर दिसत होतं. उघडं. ती बाहेर उभी होती आणि तरी तिला वाटलं, छाती परत त्या फळ्यांमध्ये अडकली. रोज सकाळी बाटल्या जातील. तिची द्राक्षं, तिचं आलं सगळ्या गावभर हिंडून येईल. आणि ती इथे, एक काम जास्त.

तेवढ्यात आतल्या खोलीतून वहिनी कंबरेवर हात ठेवून आली, आणि तिने वर बघितलं.

"माझं छत!"

ती छताखाली फिरत राहिली, तोंड उघडं, आणि वरून तिच्या तोंडात एक थेंब पडला.

आत्याने बाटली टेबलावर ठेवली, अगदी जपून, बॉम्ब ठेवावा तशी.

"हे तर काहीच नाही, वहिनी," ती गंभीर चेहऱ्याने म्हणाली. "ही बारा बाटल्यांची गंमत. ह्यांच्या दुकानाला रोज ऐंशी लागणार, इथे नाहीतर दुकानावरच्या खोलीत करायच्या. माझ्या ओळखीतली एक बाई घरात ऐंशी करायची. एका दुपारी सगळ्या एकदम फुटल्या. छत उडालं."

"उडालं?"

"अख्खं. वर गच्चीत कपडे वाळत होते, ते तसेच दोरीवर. दोन गल्ल्या पलीकडे एका शाळेच्या मैदानात उतरलं. मुलं खेळत होती, ती सावलीत जाऊन बसली."

"देवा!" वहिनीने छताकडे असं बघितलं की जणू ते आत्ताच निघालंय. "मग... मग ह्यांच्या दुकानाचं नाही उडणार?"

"ह्यांच्या खोलीवर काय आहे हो?" आत्याने विचारलं.

"पत्रा," मिशीवाले म्हणाले. ते आत्याकडे फार निरखून बघत होते.

"पत्र्याला काही होत नाही. पत्रा वाजतो, पण उडत नाही."

आता खोलीत एकच माणूस होता ज्याला आत्याचा हा चेहरा ओळखीचा होता. हाच चेहरा करून तिने सात वर्षांची असताना आईला सांगितलं होतं की दुधाचं पातेलं एका घोड्याने रिकामं केलं. घर तिसऱ्या मजल्यावर होतं. तेव्हा दादाने तिला उघडं पाडलं होतं. आताही त्याला एकच वाक्य बोलायचं होतं. तो चष्मा पुसत होता. जांभळं नुसतं पसरत होतं, पुसलं जात नव्हतं. आत्या त्याच्याकडे बघत नव्हती. तिचे हात मात्र पदरात घट्ट गुंतले होते.

"खरंय का हो हे?" वहिनीने त्याला विचारलं.

दादाने चष्मा डोळ्यांवर चढवला.

"खरंय," तो म्हणाला. आवाज सरळ, गुळगुळीत, एवढासुद्धा चिरकला नाही. "गोदामाच्या मागेच राहायची ती बाई. छत आमच्या डोक्यावरून गेलं. मी हात वर केला तर दोरीवरचा एक सदरा हाताला लागला. बरेच दिवस घालत होतो मी तो."

"तो निळा?" वहिनीने डोळे विस्फारले.

"निळाच."

"न्या हो वन्संना!" वहिनी मिशीवाल्यांवर ओरडली. "आजच न्या! ती बरणी पण न्या, आणि उरलेल्या बाटल्यापण! वन्सं, बघत काय बसलात, पिशवी भरा!"

आत्याने पिशवी भरली. दोन साड्या, कंगवा, लुगड्याच्या तुकड्यात बांधलेली आल्याची बरणी. दादा कोठीतून बाटल्या आणून मिशीवाल्यांच्या हातात देत होता, एकेक, दोन्ही हातांनी, आणि प्रत्येक वेळी सांगत होता, "आडवी धरू नका."

जिन्यावर मिशीवाले पुढे, आत्या मागे. पहिल्याच वळणावर ती कठड्याला धरून थांबली. वरून दादाची हाक आली.

"धाकटे! गुलाबी गोळी अर्धी की अख्खी?"

आत्याने वर बघितलं. तो कठड्यावरून वाकला होता, टकलावर जांभळे ठिपके. तिच्या तोंडात उत्तर आलं होतं, नेहमीसारखं, आपोआप. तिने बरणी दुसऱ्या हातात घेतली.

"वहिनींना विचार," ती म्हणाली. "मघाशीच सांगितलंय त्यांना."

आणि ती पुढची पायरी उतरली. मिशीवाले खाली थांबले होते. त्यांच्या हातातल्या पिशवीत काहीतरी टिकटिकलं. ते दचकून जागच्या जागी खिळले.

"ढेकर काढायची राहिलीय," आत्या म्हणाली. "चला लवकर, रस्त्यात काढू."